मैनमूळ : आधी ओळख, मग लागवड

(अकोले तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण सुरू करण्यापूर्वी एक छोटेसे काम सांगतो. मी तुळशीच्या काही कोवळ्या फांद्या आणल्या आहेत, त्या पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. प्रत्येकाने फांदी चिमटीत धरून हळूच फिरवायची. बोटांना चार कडा लागतात की नाही? तुळशीची जून झालेली काडी गोल वाटते, पण कोवळी फांदी चौकोनी असते. आता पाने पाहा. समोरासमोर दोन पाने, त्यावरची जोडी त्यांना आडवी, पुन्हा वरची आडवी. आणि मंजिरीतले एखादे फूल जवळून पाहिले, तर त्याला वर एक ओठ व खाली एक ओठ दिसेल. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि दोन ओठांचे फूल ही तुळशीच्या कुळाची खूण आहे. पुदिना, सब्जा, मरवा, पानओवा ही सगळी याच कुळातली भावंडे. आज ज्या वनस्पतीविषयी बोलायचे आहे ते मैनमूळही याच कुळातले.

ओळखीपासून सुरुवात का केली, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पठारी भागातील एक शेतकरी पिशवीत एक झुडूप घेऊन आले. म्हणाले, "साहेब, हे मैनमूळच आहे ना? वीस गुंठे लावलंय." रोपे त्यांनी एका व्यापाऱ्याकडून चांगली किंमत मोजून घेतली होती. मुळे मीच परत घेईन, असेही तो म्हणाला होता. पान चुरगाळले तर ओव्याचा घमघमाट सुटला. मुळे पाहिली तर नुसता तंतूंचा झुबका. पानओवा होता तो! पाच महिन्यांची मेहनत, पाणी, खुरपणी, सगळे एका चुकीच्या रोपावर गेले होते. त्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "मग सुरुवातीलाच कसं ओळखायचं?" आजचे हे भाषण त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

मैनमूळ म्हणजे काय?

मैनमूळ ही आपल्या देशातील बहुवर्षायू वनस्पती आहे. हिमालयाच्या खालच्या उतारांपासून दख्खनपर्यंत, उन्हाच्या, कोरड्या व खडकाळ डोंगरउतारांवर ती आढळते. गुजरातेत तिला गरमर म्हणतात आणि तिच्या मुळांचे लोणचे घालतात. शास्त्रीय नावे मात्र तीन चालतात : कोलियस फोर्सकोली, प्लेक्ट्रॅन्थस बार्बॅटस आणि कोलियस बार्बॅटस. नावे तीन असली तरी झाड एकच आहे. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची नावे पुन्हा लावली, तेव्हापासून कोलियस बार्बॅटस हे नाव मान्य आहे. व्यापारी कागदांवर अजून जुनेच नाव जास्त दिसते. करारावर यापैकी कोणतेही नाव असले तरी गोंधळून जाऊ नका. पण नाव लिहिलेलेच नसेल, तर मात्र सही करू नका.

या मुळाला एवढे महत्त्व आले ते त्यातील फोर्सकोलिन या द्रव्यामुळे. १९७० च्या दशकात मुंबईत मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात आपल्याकडील अनेक वनस्पती तपासल्या जात होत्या. त्यात या मुळातून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच काळात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही या वनस्पतीवर काम चालू होते. फोर्सकोलिनमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यातील दाब कमी होतो, असे दिसून आले. जगभरच्या प्रयोगशाळांतून त्याला मागणी आली. मागणी आली, तशी रानातील मुळांवर कुदळ पडली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हिरड्याचे फळ काढले तर झाड उभे राहते. मैनमुळाचे तसे नाही. त्याचा माल जमिनीखाली आहे. मूळ काढले की झाड संपले. म्हणून रानातून मूळ गोळा करण्याचा धंदा फार काळ चालू शकत नाही. आपल्या तालुक्यात तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ पासून तो भाग संरक्षित आहे आणि तेथून वनस्पती उपटून आणणे हा गुन्हा आहे. हे मूळ शेतातच पिकवायला हवे, आणि ते पिकते.

ओळख कशी पटवावी?

मैनमुळाचे झुडूप एक ते दोन फूट उंच वाढते. खोड चौकोनी, पेऱ्यांवर लव असलेले. पाने जाडसर, मऊ लवेची, तीन ते पाच इंच लांब. कडा गोलसर दातांच्या. पान खाली निमुळते होत देठात उतरलेले. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत फांद्यांच्या टोकाला अर्धा ते एक फूट लांबीचा तुरा येतो. फुले फिकट निळी-जांभळी, या कुळाच्या मानाने मोठी, जवळजवळ एक इंचाची. खालचा ओठ होडीसारखा खोलगट असतो आणि पुंकेसर त्या होडीत विसावलेले असतात. ते पुंकेसर सुईने अलगद उचलून पाहा. त्यांचे दोरे बुडाशी एकमेकांना चिकटून नळी झालेली दिसेल. तुळशीत ते सुटे असतात. ही खूण मैनमूळ आणि पानओवा यांच्या गटाची आहे.

पण खरी साक्ष मुळांची. एक झाड हलक्या हाताने उकरा. खोडाच्या बुडापासून गाजरासारखी लांबट, टोकाला निमुळती मुळे चहूबाजूंनी पसरलेली दिसतील. करंगळीएवढ्या जाडीपासून अंगठ्याहून जाड, आणि वीतभर लांब. मूळ मोडले की आत नारिंगी-पिवळसर रंग दिसतो व उग्र वास येतो. हा वास पानांच्या वासापेक्षा वेगळा असतो. पान आणि मूळ दोन्ही चुरगाळून लागोपाठ हुंगून पाहा, म्हणजे फरक कळेल.

आता ज्यांच्याशी घोटाळा होतो, ती झाडे पाहू.

पहिला पानओवा. याची पाने रुंद, गोलसर व मांसल. बोटांनी वाकवले की कट्‌कन मोडतात. ओव्याचा वास इतका स्पष्ट असतो की डोळे मिटूनही ओळखता येतो. मुळे तंतुमय. फांदीला चटकन मुळे फुटतात, म्हणून खोटी रोपे करणाऱ्यांचे हे आवडते झाड आहे.

दुसरा बागेतला शोभेचा कोलियस. लाल, जांभळ्या, पिवळ्या ठिपक्यांची पाने असतात. व्यापारी "कोलियस" एवढेच म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका. त्याला जाड मुळे धरत नाहीत.

तिसरी पानफुटी. हे झाड या कुळातले नाहीच. पान मातीवर ठेवले की कडेने रोपे फुटतात, ती ही. मुतखड्यावर वापरतात म्हणून हिंदीतल्या पत्थरचूर, पत्थरचट्टा या नावांची आपसात सरमिसळ झाली आहे.

चौथा पाषाणभेद. बाजारात पाषाणभेद म्हणून हिमालयातील एका वेगळ्याच वनस्पतीचा कंद येतो आणि काही ठिकाणी मैनमुळालाही तेच नाव देतात. म्हणून "पाषाणभेद घेतो" असे खरेदीदार म्हणाला, तर कोणता पाषाणभेद, हे नमुना हातात देऊन विचारा.

नाव ऐकून रोप घेऊ नका. पान चुरगाळा, फूल उघडा, मूळ उकरा. तिन्ही साक्षी जुळल्या तरच ते मैनमूळ. आणि एवढे जुळले, तरी मुळात फोर्सकोलिन किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते वाणावर, जमिनीवर, काढणीच्या वेळेवर अवलंबून असते आणि प्रयोगशाळेतच मोजता येते. ज्या झाडांपासून रोपे करायची, त्यांच्या वाळलेल्या मुळांचा नमुना आधी तपासून घ्यावा. दक्षिणेत के-८ हा वाण लागवडीत नावाजलेला आहे. पण नुसत्या नावापेक्षा तपासणीचा कागद मोठा.

मातृरोपाचे महत्त्व

मैनमुळाची व्यापारी लागवड बियांपासून करीत नाहीत, शेंड्याच्या छाटकलमांपासून करतात. याचा अर्थ नीट समजून घ्या. कलम म्हणजे आईचीच प्रत. आई खरी असेल तर एकरभर खरे मैनमूळ; आई खोटी असेल तर एकरभर फसवणूक. आणि याची दुसरी बाजू फार चांगली आहे. शेंडा छाटला तरी आई मरत नाही, उलट तिला जास्त फांद्या फुटतात. त्यामुळे दहा-वीस खात्रीची रोपे आणून बांधावर किंवा परसात वाढवली, तर वर्षभरात गुंठ्याची आणि पुढे एकराची रोपे घरच्या घरी तयार होतात. हजारो रोपे विकत घेण्याची गरजच नाही. जो विक्रेता पहिल्याच वर्षी एकरभर रोपांचे पैसे मागतो, त्याचा धंदा मुळांचा की रोपांचा, याचा विचार करा.

छाटकलमासाठी चार ते पाच इंचांचा, तीन-चार पानजोड्यांचा, फुलावर न आलेला निरोगी शेंडा घ्यावा. खालची पाने काढून टाकावीत आणि सावलीतल्या गादीवाफ्यावर किंवा पिशवीत लावावे. माती, वाळू व चाळलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. ओल टिकवावी, पण चिखल होऊ देऊ नये. महिनाभरात रोपे लागवडीस तयार होतात.

जमीन व हवामान

आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा एका टोकाला घाटघर-रतनवाडीचा धुवाधार पाऊस आणि दुसऱ्या टोकाला पाथर्डी-जामखेडचे अवर्षण असा पसरलेला आहे. त्यामुळे एकच शिफारस सगळ्यांना लागू पडत नाही.

मैनमुळाला हलकी ते मध्यम, तांबूस, भुसभुशीत, उत्तम निचऱ्याची जमीन लागते. सामू साडेपाच ते सात असल्यास उत्तम. कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे भागातील भारी काळ्या जमिनीत किंवा चोपण झालेल्या जमिनीत हे पीक घेऊ नये. पाणी साचले की मुळे कुजतात, आणि चिकट मातीतून काढताना मोडतात. अकोले, संगमनेर, पारनेर तालुक्यांतील उताराच्या, निचऱ्याच्या जमिनींत प्रयत्न करता येईल. मात्र आधी माती तपासून सामू पाहावा.

अकोल्याच्या घाटमाथ्यालगत आषाढ-श्रावणात लागवड करू नये. तिथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये लावावे. त्यासाठी हिवाळ्यात पाणी देण्याची सोय हवी, विहीर असो वा शेततळे. ती नसेल तर या पिकाच्या नादी लागू नये. कमी पावसाच्या भागात जून-जुलैमध्येही लागवड करता येते.

लागवड व खते

जमीन खोल नांगरून, कुळवून एकरी सहा टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. सरी-वरंबे पाडून दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकरी सुमारे १५,००० रोपे बसतात, म्हणजे गुंठ्याला ३७५. रोप वरंब्यावर लावावे, म्हणजे मुळांशी पाणी थांबत नाही. आठ-दहा दिवसांत नांगे भरून घ्यावेत.

एकरी १६ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व २० किलो पालाश द्यावे. खतांच्या भाषेत सांगायचे तर सिंगल सुपर फॉस्फेट तीन पोती, म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो आणि युरिया ३५ किलो. यातील अर्धा युरिया आणि इतर दोन्ही खते लागवडीच्या वेळी, उरलेला युरिया एक महिन्याने द्यावा. जास्त युरिया दिला तर पाला माजतो, आणि आपल्याला पाला विकायचा नाही.

लागवडीनंतर लगेच पाणी द्यावे, पुन्हा तिसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर जमीन पाहून साधारण आठवड्याने. ठिबक असेल तर फारच चांगले. दोन खुरपण्या कराव्यात व दुसऱ्या खुरपणीच्या वेळी मातीची भर लावावी. तुरे येऊ लागले की खुडून टाकावेत. फुलाकडे जाणारी ताकद मुळाकडे वळते. मातृरोपांपैकी दोन-चार झाडांवर मात्र तुरे राहू द्यावेत, ओळख पटवायला उपयोगी पडतात.

सूत्रकृमी व मर

या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. आपल्या भागात याचा धोका अधिक आहे, कारण संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटो मोठ्या प्रमाणावर होतो, आणि टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, डाळिंब या सर्वांवर हेच सूत्रकृमी वाढतात. अशा पिकानंतर त्याच रानात मैनमूळ लावू नये. आधीच्या हंगामात झेंडू किंवा ज्वारी, बाजरीसारखे तृणधान्य घ्यावे. लागवडीपूर्वी एकरी २०० किलो निंबोळी पेंड व शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा बुरशी मातीत मिसळावी. रोपवाटिकेची मातीही अशा शेतातून आणू नये, नाहीतर आपणच शत्रूला पिशवीतून शेतात नेऊ.

दुसरी अडचण मर रोगाची. झाड हिरवेगार असतानाच दुपारी मान टाकते व पुढे वाळते. अशा झाडाचे खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात तिरपे बुडवून धरा. कापलेल्या जागेतून दुधासारखी धार पाण्यात उतरली, तर मर जिवाणूजन्य आहे. त्या झाडावर पैसे घालवू नका. मातीसह उपटून शेताबाहेर नष्ट करा, आणि त्या ओळीचे पाणी दुसऱ्या ओळीत जाऊ देऊ नका. पिठ्या ढेकूण व पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्यास सुरुवातीला हाताने वेचून आणि निंबोळी अर्क फवारून आटोक्यात ठेवाव्यात. हा माल औषधात जाणार आहे. मुळांत कीटकनाशकाचा अंश सापडला तर सगळा माल परत येतो.

काढणी व हिशेब

पाच ते सहा महिन्यांत मुळे तयार होतात. हलके पाणी देऊन वाफसा आला की झाडे खणून काढावीत. काढणीच्या दिवशी पुढच्या लागवडीसाठी निरोगी झाडांचे शेंडे आधी बाजूला काढावेत. मुळे धुऊन, लांबट चकत्या करून, स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवावीत. चकती वाकत असेल तर अजून ओल आहे. कट्‌ आवाज करून तुटली की झाली. ओलसर माल पोत्यात भरला तर बुरशी येते. चांगला वाळलेला मालही फार दिवस घरात ठेवू नये, कारण साठवणीत फोर्सकोलिन घटत जाते.

चांगल्या पिकात एकरी सहा ते आठ टन ओली मुळे मिळतात. पण वाळल्यावर त्यांचे साधारण ८०० किलो उरतात, म्हणजे दहा किलोचा जेमतेम किलो. "एकरी आठ टन उत्पन्न" असे सांगून कोणी वाळलेल्या मालाचा भाव त्याला गुणत असेल, तर तो हिशेब दहापट फुगवलेला आहे. भाव ओल्याचा की सुक्याचा, हा प्रश्न सर्वांत आधी विचारा.

बाजारपेठेचे खरे रूपही सांगितले पाहिजे. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले आणि त्या सुमारास औषधी पिकांची मोठी लाट आली. सफेद मुसळीच्या वेळी अनेकांनी महाग बियाणे घेतले, आणि परत खरेदीचा शब्द देणारे पुढे सापडले नाहीत, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. मैनमुळाची मागणीही चढ-उताराची आहे. परदेशात वजन घटवण्याच्या गोळ्यांत ते वापरतात. त्या गुणाचा भक्कम पुरावा नाही, आणि अशी हौसेची मागणी जशी येते तशी जाते. म्हणून खरेदीदाराचा लेखी करार, त्यात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, सुक्या मालाचा भाव, फोर्सकोलिनचे किमान प्रमाण आणि तपासणी कोण करणार, हे सर्व असल्याशिवाय गुंठा-दोन गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका. लागवडीची नोंद ई-पीक पाहणीत जरूर करा. माल रानातला नसून शेतातला आहे, याचा तो पुरावा ठरतो.

एक सावधगिरीची सूचना. शेतात मूळ आहे म्हणून घरी काढा करून पिऊ नका. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते त्रासदायक ठरू शकते. औषध म्हणून घ्यायचे ते वैद्यांच्या सल्ल्यानेच.

शेवटी, ज्या शेतकऱ्यांची हकिकत सुरुवातीला सांगितली, त्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्यांनी ते वीस गुंठे नांगरून टाकले. पुढच्या हंगामात ते बारा रोपे घेऊन गेले. एकेक पान चुरगाळून, एक झाड उकरून, मूळ मोडून हुंगून, मगच. परसातल्या त्या बारा रोपांची पुढे दोन गुंठे लागवड झाली. त्यांनी त्यातून किती कमावले, यापेक्षा मला त्यांचे एक वाक्य मोलाचे वाटते. ते म्हणाले, "साहेब, आता मला कोणी नावावर फसवू शकत नाही."

तुमच्याकडे शंकास्पद रोप असेल तर फूल, पान व मुळासह कागदात गुंडाळून घेऊन या. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम चालते. तेथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. लावण्याआधी दाखवा, काढणीनंतर नव्हे. आणि आज घरी गेल्यावर वृंदावनातल्या तुळशीची कोवळी फांदी पुन्हा एकदा चिमटीत धरून फिरवा, घरातल्या मुलांनाही दाखवा. ओळखीचा पहिला धडा तिथेच आहे.